इंग्रजी सामासिक शब्दांचे अवयवविभाजन आणि आघातरचना : प्रचलित अध्यापन व मूल्यमापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

पदवी व पदव्युत्तर स्तरावरील इंग्रजी भाषाविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील शब्दांचे अवयव पाडा व आघात दर्शवा’ अशा स्वरूपाचा प्रश्न सर्वपरिचित आहे. दिलेल्या शब्दांमध्ये एक-दोन सामासिक शब्द हमखास असतात. हा प्रश्न हमखास गुण देणारा म्हणून वर्गात शिकविला जातो आणि त्याचे उत्तरही एकाच ओळीत सांगितले जाते : सामासिक शब्दात आघात पूर्वपदावर असतो. बाजारात उपलब्ध असलेल्या बहुतेक मार्गदर्शिका याच ओळीवर थांबतात. प्रस्तुत निबंधात या नियमाची, तसेच त्याआधीच्या अवयवविभाजनाच्या पायरीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. नियम चूक आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही; तो अर्धा आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागाची किंमत मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मोजतो, असे म्हणणे आहे.

सिलॅबल या संज्ञेसाठी येथे ‘अवयव’ आणि स्ट्रेससाठी ‘आघात’ हे शब्द योजिले आहेत. आघातयुक्त अवयवापूर्वी ˈ हे चिन्ह दिले आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिल्याने उच्चाराचे काही बारकावे निसटतात, याची जाणीव ठेवूनच उदाहरणे वाचावीत.

अक्षर आणि अवयव

‘अक्षर’ हा शब्द सिलॅबलसाठी हेतुतः टाळला आहे. मराठी विद्यार्थ्याच्या मनात अक्षर म्हणजे लिपीतील एक चिन्ह. शालेय वयात तो वृत्ते शिकतो, लघु-गुरू लावतो, गण पाडतो. छंदःशास्त्रात ‘कमल’ या शब्दाची अक्षरे तीन, तिन्ही लघू. बोलताना मात्र आपण ‘क-मल्’ असे दोनच अवयव उच्चारतो. ‘लोकसभा’ लिहिताना अक्षरे चार, उच्चारात अवयव तीन : लोक्-स-भा. अंत्य व मध्य ‘अ’चा हा लोप आपण इतक्या सहजपणे करतो की तो आपल्या लक्षातही येत नाही, पण मोजावयास सांगितले की आपण कानाने न मोजता डोळ्यांनी मोजतो.

हीच सवय इंग्रजीकडे येते. ‘ब्लॅकबोर्ड’ हा शब्द देवनागरीत लिहिला की ब्लॅ, क, बो, र्ड अशी चार अक्षरे दिसतात. उत्तरपत्रिकेत चार अवयव पाडलेले आढळतात, त्यामागे हे कारण असते. प्रत्यक्षात अवयव दोन आहेत : ब्लॅक्-बोर्ड. ‘बुककीपर’ची अक्षरे पाच, अवयव तीन. परीक्षक या उत्तराला सरळ काट मारतो आणि विद्यार्थ्याला उच्चारशास्त्र समजलेले नाही असे गृहीत धरतो. वस्तुतः त्याने एक पद्धत सुसंगतपणे लावलेली असते. ती दुसऱ्या व्यवस्थेची असते इतकेच. ‘लोकसभा’ स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहावयास लावले, तर पूर्वपदाच्या शेवटी आपण थांबतो, ‘क’ पुढच्या ‘स’ला चिकटवीत नाही, हे त्याच्याच ध्यानात येते. सामासिक शब्दांच्या अवयवविभाजनाचे मूळ तत्त्व त्याच्या मातृभाषेत आधीच आहे. ते न वापरता आपण वर्गात थेट पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातील आकृती काढतो, ही अध्यापनातील पहिली उणीव होय.

कोशांतील ठिपके

दुसरी अडचण कोशांमुळे उद्भवते. अनेक इंग्रजी कोशांत मुख्य शब्दाचे ठिपक्यांनी तुकडे केलेले असतात. हे तुकडे ओळीच्या अखेरीस शब्द कोठे तोडावा हे मुद्रकाला सांगण्यासाठी आहेत. ते उच्चाराचे अवयव नव्हेत. ‘बटर’ या शब्दाच्या वर्णलेखनात टी हे वर्ण दोनदा येते म्हणून ठिपका त्या दोहोंच्या मधोमध पडतो, उच्चारात मात्र ‘ट’ एकच आहे. ही परंपरा जुनी आहे. नोआ वेब्स्टर याने १७८३ च्या आपल्या वर्णलेखनाच्या पुस्तकात त्यापूर्वीच्या क्ल-स्टर अशा विभाजनाला आक्षेप घेऊन क्लस्-टर असे कानाला पटणारे विभाजन पुढे आणले. लेखनासाठी तुकडे पाडणे आणि उच्चारासाठी तुकडे पाडणे यांतील गोंधळ त्यानंतरही पूर्णपणे मिटला नाही.

उच्चारकोशांकडे वळावे तर तेथेही एकवाक्यता नाही. डॅनियल जोन्स यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलेल्या ‘इंग्लिश प्रोनाउन्सिंग डिक्शनरी’ची पंधरावी आवृत्ती १९९७ मध्ये पीटर रोच व जेम्स हार्टमन यांच्या संपादनाखाली निघाली. दोन स्वरांमधील व्यंजन शक्यतो पुढील अवयवाच्या आरंभी घ्यावे, हे तत्त्व त्यात पाळले आहे. जे. सी. वेल्स यांच्या ‘लाँगमन प्रोनन्सिएशन डिक्शनरी’ने (१९९०) याउलट भूमिका घेतली : व्यंजन ज्या अवयवावर आघात अधिक त्या अवयवाला जोडावे. त्यामुळे ‘पोटॅटो’ या शब्दातील दुसरा ‘ट’ एका कोशात अखेरच्या अवयवात आहे, तर दुसऱ्यात मधल्या. दोन्ही कोश अधिकृत, दोन्ही ग्रंथालयांत उपलब्ध, आणि आपली आदर्श उत्तरपत्रिका मात्र एकच!

येथे सामासिक शब्दांचे वैशिष्ट्य नजरेत भरते. ‘बुककीपर’मध्ये की-पर म्हणावे की कीप्-अर, याविषयी उपरोक्त मतभेद लागू पडतो. परंतु बुक् आणि कीपर यांच्यामधील सीमा कोणीही हलवीत नाही. घटकपदांची सीमा ही अवयवांचीही सीमा असते, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. आणि ही केवळ कागदावरची सोय नव्हे. ‘नाइट्रेट’ हे रसायनाचे नाव आणि ‘नाइट-रेट’ म्हणजे रात्रीचा दर, या दोहोंत ध्वनींचा क्रम एकच आहे. पहिल्यात ‘ट’ व ‘र’ एकजीव होऊन पुढील अवयवाचा आरंभ करतात. दुसऱ्यात ‘ट’ पूर्वपदाशी अडकून राहतो आणि ‘र’ नव्याने सुरू होतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या श्रोत्याला हा फरक ऐकू येतो. ‘सेल्फिश’ आणि ‘शेलफिश’ यांचेही तसेच : पहिल्या शब्दात प्रत्ययापूर्वी सेल्फ् हा अखंड अवयव, दुसऱ्यात शेल् संपल्यावर फिश् सुरू. तेव्हा गुणदान करताना घटकपदांची सीमा चुकली तर गुण कापावेत, घटकपदाच्या आतील विभाजनात मात्र दोन्ही उत्तरे ग्राह्य मानावीत. एवढा साधा भेद आपल्या मूल्यमापनात आढळत नाही.

विरघळलेले समास

सीमा टिकते ती समास समास म्हणून जिवंत असेपर्यंत. ‘कबर्ड’ हा शब्द कप आणि बोर्ड यांचा समास; लेखनात दोन्ही पदे शाबूत, उच्चारात ‘प’ गेला आणि बोर्डचा दीर्घ स्वर क्षीण झाला. (आपल्या ‘कपाट’ या शब्दाशी त्याचे साम्य योगायोगाचे आहे, कपाट हा संस्कृत शब्द असून त्याचा मूळ अर्थ दाराची फळी असा आहे.) ‘ब्रेकफस्ट’मध्ये ब्रेक ही क्रिया व फास्ट हा उपवास दोन्ही ओळखू येत नाहीत. ‘शेपर्ड’मधून मेंढी आणि राखणदार दोघेही निघून गेले. ‘लॉर्ड’ हा तर मूळचा पाव आणि रक्षक या अर्थाच्या दोन पदांचा जुन्या इंग्रजीतील समास. आज त्याचा एकच अवयव उरला आहे. उलट प्रवासही घडतो. कपाळ या अर्थाचा ‘फोरहेड’ हा शब्द पूर्वीच्या ब्रिटिश उच्चारात ‘फॉरिड’ असा विरघळला होता. वर्णलेखनाच्या प्रभावामुळे तो पुन्हा दोन पदांत उलगडला.

‘पोस्टमन’ आणि ‘मिल्कमन’ हे शब्द वरवर एकाच साच्यातले वाटतात. पहिल्यातील उत्तरपदाचा स्वर क्षीण होऊन जवळपास ‘म्‍न’ उरतो, दुसऱ्यात तो काही भाषकांच्या उच्चारात टिकतो. दुय्यम आघात दाखवावा की न दाखवावा, हे या स्वरावर अवलंबून असते. ‘पूर्वपदावर आघात’ एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याला हा भेद कधी भेटतच नाही, आणि लेखन पाहून वाचणारे आपण सर्वजण ‘कपबोर्ड’ असा उच्चार वर्षानुवर्षे करीत राहतो.

एका ओळीच्या नियमाचा प्रवास

पूर्वपदावरील आघाताला समासाची ओळखखूण मानण्याची परंपरा प्रतिष्ठित आहे. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी ‘लँग्वेज’ (१९३३) या ग्रंथात आघात हीच कसोटी धरली. ‘आइस-क्रीम’ हा शब्द इंग्रजीत ˈआइस-क्रीम आणि आइस-ˈक्रीम असा दोन्ही प्रकारे उच्चारला जातो. ब्लूमफील्ड यांच्या मते पहिला उच्चार समास, तर दुसरा शब्दबंध. अर्थात मात्र काहीही भेद नाही. आपल्या कसोटीशी प्रामाणिक राहण्यासाठी एकाच पदार्थाचे दोन व्याकरणिक प्रकार त्यांना मान्य करावे लागले. कसोटी कोठे ताणली जाते ते या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

चॉम्स्की व हॅले यांच्या ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ (१९६८) या ग्रंथाने ही परंपरा सूत्रबद्ध केली : समासात प्रधान आघात पूर्वपदावर, शब्दबंधात उत्तरपदावर. ˈब्लॅक-बर्ड हा विशिष्ट जातीचा पक्षी, ब्लॅक ˈबर्ड म्हणजे कोणताही काळा पक्षी. ˈव्हाइट हाउस अमेरिकी अध्यक्षांचे, व्हाइट ˈहाउस कोणाचेही. लीबरमन व प्रिन्स यांनी १९७७ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली : उत्तरपद स्वतः समास असेल तर प्राधान्य उत्तरपदाकडे जाते. म्हणून ‘फुटबॉल ग्राउंड’मध्ये आघात फुटवर, कारण तेथे फुटबॉल हा पूर्वपदस्थ समास, आणि ‘कॉलेज स्टाफरूम’मध्ये तो स्टाफवर, कारण स्टाफरूम हा उत्तरपदस्थ समास. तीन पदांच्या समासाची अंतर्गत रचना आघातावरून उमगते, हे या मांडणीचे खरे यश मानावयास हवे.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांपैकी बन्सल व हॅरिसन यांचे ‘स्पोकन इंग्लिश फॉर इंडिया’ (१९७२) आणि बालसुब्रमण्यन यांचे ‘अ टेक्स्टबुक ऑफ इंग्लिश फोनेटिक्स फॉर इंडियन स्टुडंट्स’ (१९८१) ही सर्वाधिक वापरली गेली. रोच यांचे ‘इंग्लिश फोनेटिक्स अँड फोनॉलॉजी’ (१९८३) हेही आपल्याकडे रुळले. रोच पूर्वपदावरील आघाताचा नियम सांगतात आणि लगेच उत्तरपदावर आघात असणाऱ्या समासांचे वर्गही देतात : बॅड-ˈटेम्पर्ड यांसारखी विशेषणे, संख्येने सुरू होणारे सेकंड-ˈक्लास, डाउन-ˈस्टेअर्स यांसारखी क्रियाविशेषणे, इल-ˈट्रीट यांसारखी क्रियापदे. शिवाय असा समास दुसऱ्या नामापूर्वी आला की आघात मागे सरकतो, हेही ते नोंदवितात : आफ्टर-ˈनून, परंतु ˈआफ्टरनून ˈटी. मूळ ग्रंथात असलेला हा विस्तार मार्गदर्शिकेत येईपर्यंत एका ओळीवर येतो. दोष ग्रंथाचा नाही, आपल्या गाळणीचा आहे.

नामांच्या समासातही उत्तरपदावरील आघात हा अपवाद म्हणण्याइतका विरळ नाही. ॲपल ˈपाय, पण ˈॲपल केक. ख्रिसमस ˈडे, पण ˈख्रिसमस कार्ड. रस्त्यांच्या नावांत तर हा भेद यांत्रिक म्हणावा इतका नियमित आहे : स्ट्रीट हे उत्तरपद असेल तर आघात पूर्वपदावर, रोड असेल तर रोडवर. इंग्रजी भाषकाच्या तोंडी मुंबईतील ˈदलाल स्ट्रीट आणि पुण्यातील लक्ष्मी ˈरोड यांचा तोल वेगवेगळा असेल. एका उत्तरपदामुळे आघात बदलतो याचे स्पष्टीकरण कोणत्याही वाक्यरचनेच्या नियमातून निघत नाही. प्लाग व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेने जातो. प्रत्यक्ष भाषिक सामग्री तपासली असता कोणताही एक काटेकोर नियम आघाताचे समाधानकारक भाकीत करीत नाही, पदांमधील अर्थसंबंध लक्षात घ्यावे लागतात, असे तो दाखवितो.

समासस्वराचा आपला वारसा

अर्थसंबंध हा मुद्दा आला की मराठी व संस्कृत व्याकरणाशी परिचित असलेल्या अध्यापकाला काहीतरी ओळखीचे ऐकू यावे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सहाव्या अध्यायाचा दुसरा पाद समासाच्या स्वरालाच वाहिलेला आहे. समासाचा अंत्य अवयव उदात्त, हा सामान्य नियम; बहुव्रीहीत मात्र पूर्वपद आपला मूळ स्वर राखते. याचे सुप्रसिद्ध उदाहरण ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचे, ज्याचा उल्लेख पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच्या आह्निकात केला आहे. इंद्राचा वध करणारा, असा तत्पुरुष अभिप्रेत असताना स्वर पूर्वपदावर पडला. समास बहुव्रीही झाला आणि इंद्र ज्याचा वधकर्ता आहे तो, असा नेमका उलटा अर्थ सिद्ध झाला.

इंग्रजीतील ‘इंग्लिश टीचर’ हा शब्द यासमोर ठेवून पाहावा. ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजीचा शिक्षक : षष्ठी तत्पुरुष. इंग्लिश ˈटीचर म्हणजे इंग्रज असलेला शिक्षक : कर्मधारय. नांदेडच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयातील अध्यापकाने आपली ओळख करून देताना आघात उत्तरपदावर दिला, तर तो नकळत आपले राष्ट्रीयत्व बदलतो! ˈटॉय फॅक्टरी खेळण्यांचा कारखाना, टॉय ˈफॅक्टरी हे स्वतःच खेळणे. बहुव्रीहीही इंग्रजीत आहेत : ˈरेड-हेड, ˈपेपर-बॅक, ˈहंच-बॅक, यांत आघात पूर्वपदावर राहतो. द्वंद्वसदृश समासांत तो उत्तरपदाकडे झुकतो : बिटर-ˈस्वीट, अँग्लो-ˈइंडियन. पूर्वपद उत्तरपदाचे द्रव्य, स्थळ वा काळ सांगत असेल, तर बहुधा उत्तरपद आघात घेते : कॉटन ˈशर्ट, किचन ˈसिंक, समर ˈहॉलिडेज. ज्याला विद्यार्थी मध्यमपदलोपी म्हणून ओळखतो त्या समासांपैकी बरेचसे या गटात बसतात.

ही तुलना ताणता कामा नये. वैदिक स्वर हा सुराचा चढउतार होता, इंग्रजी आघात हा मुख्यतः बलाचा, स्वराच्या दीर्घतेचा व पूर्णतेचा. ॲपल पाय आणि ॲपल केक यांत अर्थसंबंध एकच असून आघात भिन्न आहे. तेथे केक या उत्तरपदाची स्वतःची सवय मानण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय मराठीतून हा स्वर पूर्णपणे लोपला असल्याने आपल्या कानाला त्याची सवय नाही. ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) मोरो केशव दामले यांनी समासांचा विस्तृत विचार केला आहे, परंतु मराठी समासाचा विग्रह आपण संदर्भाने करतो, आघाताने नव्हे. नेमके म्हणूनच इंग्रजी समासाचा आघात ही सजावट आहे असे मराठी भाषकाला वाटते. आर. के. बन्सल यांच्या भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयीच्या १९६९ च्या अभ्यासाने शब्दाघातातील चुका हे परकीय श्रोत्याला आपले बोलणे न कळण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणून नोंदविले होते. मुलाखतीच्या खोलीत किंवा दूरध्वनीवरील नोकरीत ज्या पदवीधराला ‘उच्चार स्पष्ट नाहीत’ असा शेरा मिळतो, त्याचे वर्ण बहुधा स्पष्टच असतात. तोल चुकलेला असतो.

तथापि विग्रह हे साधन विद्यार्थ्याच्या हाती आधीपासून आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. सातवी-आठवीपासून तो समास सोडवीत आला आहे. इंग्रजी समासाचा आधी मराठीत विग्रह करावा, नंतर आघात लावावा, असा क्रम ठेवला तर निदान आघाताचा अर्थाशी संबंध आहे हे त्याला प्रथमच कळते. प्रस्तुत लेखकाला वर्गात याचा उपयोग झालेला आहे. तो किती झाला हे मोजण्यासाठी पद्धतशीर चाचणी घ्यावी लागेल.

प्रश्नाचे स्वरूप

राहिला प्रश्नपत्रिकेचा मुद्दा. ‘वीकेंड’ या शब्दाचा आघात ब्रिटिश उच्चारात परंपरेने उत्तरपदावर, अमेरिकन उच्चारात पूर्वपदावर. एकही उत्तर चूक नसताना एका उत्तराला शून्य देण्याची वेळ परीक्षकावर येऊ नये, यासाठी असे शब्द सुट्या स्वरूपात विचारू नयेत किंवा कोणता उच्चार प्रमाण धरला आहे ते प्रश्नातच नमूद करावे. जेथे आघाताने अर्थ बदलतो तेथे शब्द वाक्यात द्यावा. उदाहरणार्थ, ‘इंग्लिश टीचर’ आणि ‘टॉय फॅक्टरी’ हे शब्द प्रत्येकी दोनदा, दोन वेगळ्या आघातचिन्हांसह द्यावेत आणि प्रत्येकाचा विग्रह मराठीत वा इंग्रजीत लिहावयास सांगावे. चार उपप्रश्न, प्रत्येकी एक गुण. अवयव पाडण्यासाठी ‘बुककीपर’ आणि ‘पोस्टमन’ हे दोन शब्द वेगळे, आणि त्यांत की-पर व कीप्-अर ही दोन्ही विभाजने आदर्श उत्तरात शेजारी शेजारी छापलेली असावीत.